आधी बॅटरी, मग पॅनल

मला आजवर बऱ्याच जणांनी गाढव म्हटलंय. शाळेत मास्तरांनी म्हटलं, ऑफिसात साहेबांनी इंग्रजीतून म्हटलं, आणि घरी तर त्यासाठी वेगळा शब्दही लागत नाही, नुसतं माझं नाव ठरावीक सुरात घेतलं की काम होतं. पण या सगळ्यांनी मला फक्त निकाल सांगितला. मी नेमका का गाढव आहे, कुठल्या क्षणी झालो आणि कुठली तार आधी लावली असती तर वाचलो असतो, हे समजावून सांगणारा माणूस एकच भेटला. धर्माकाका.

पनवेलला उरण नाक्याच्या आतल्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दहा बाय आठची खोली, तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर बॅटऱ्या. बोर्डावर ‘बॅटरी चार्जिंग व रिपेरिंग’ असं जुन्या अक्षरांत आणि त्याखाली नव्या रंगात ‘सोलार’. काका सत्तरीचे, काटक. अंगात अ‍ॅसिडनं चाळण झालेला खाकी शर्ट. गळ्यात मीटर, आणि मीटरच्या दोन वायरी, एक लाल नि एक काळी, दोन्ही खांद्यांवरून सोडलेल्या. दुकानात शिरलं की आधी अ‍ॅसिडचा वास यायचा आणि मग काकांचा आवाज. दोन्हींनी डोळ्यांत पाणी यायचं.

मी तिथे पोचलो तो माझ्या उद्योजकतेमुळे. बावन्नाव्या वर्षी नोकरीतून बाहेर पडलो, आणि रोडपालीच्या फ्लॅटमध्ये दिवसभर बसून बायकोला स्वयंपाकातल्या सुधारणा सुचवू लागलो. दोनच महिन्यांत तिने मला एक जुना ट्रेलर घेऊ दिला. शनिवार-रविवारी नेऱ्याच्या रस्त्याला तो उभा करायचा आणि फार्महाऊसवाल्यांना मिसळ विकायची, अशी योजना. मिसळ तिची, योजना माझी. ट्रेलरच्या टपावर सोलार पॅनल, खाली दोन बॅटऱ्या, त्यावर दिवे आणि एक छोटा फ्रिज. पॅनल आणि बॅटरी यांच्या मध्ये एक डबी लागते, तिला चार्ज कंट्रोलर म्हणतात. पंगतीत वाढणारा वाढतच सुटतो, जेवणाऱ्याला नाही म्हणवत नाही, अशा वेळी हात आडवा धरून ‘बास, आता वाढू नका’ म्हणणारा जो एक शहाणा माणूस असतो, तो म्हणजे ही डबी. मी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला, मेहुण्याला मोबाईल धरून उभं केलं आणि स्वतःच्या हातांनी सगळं जोडलं. डबीतून एक बारीक धुराची रेघ निघाली. मेहुणा म्हणाला, “भावजी, चालू झालं वाटतं.”

ती डबी घेऊन मी काकांसमोर उभा राहिलो. त्यांनी ती नाकाला लावली.

“आधी काय जोडलंस?”

“पॅनल.”

“का?”

“ते वर होतं, त्याची वायर खाली लोंबत होती, म्हणून...”

“वर व्हतं!” गल्लीतली दोन कुत्री उठून बसली. “अरे, देव पन वरच हाय. त्याला जोडलंस का आधी? ह्या डबीला जन्मतः अक्कल नसते. तिला आधी बॅटरी दाखवायची. मंग तिला समजतं, ही बारा व्होल्टची हाय का चोवीसची, भरलेली हाय का उपाशी. तू तिच्या तोंडात डायरेक ऊन घातलंस. आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. बोल.”

मी बोललो.

“मोठ्यानं.”

रिक्षाच्या बॅटऱ्या घेऊन आलेले दोघे बाकड्यावर बसून हसत होते. काका त्यांच्याकडे वळले. “हसता काय? तुमी पन बोला.” मग आम्ही तिघांनी, सगळे मिळून दीडशे वर्षं वयाचे, पाढा म्हटल्यासारखं ते म्हटलं.

त्यांच्या काही पद्धती होत्या. चार्जिंगवरून नुकती काढलेली बॅटरी ते कधीच मोजत नसत. “जेवून उठलेल्या मानसाला भूक हाय का विचारून काय मिळनार?” म्हणायचे, आणि तिला तीन-चार तास नुसती ठेवायचे. गिऱ्हाइकाला घाई असेल तर गिऱ्हाइकाने जावं. बॅटरी बसूनच राहणार. शिवाय दुरुस्त केलेल्या प्रत्येक बॅटरीवर ते पांढऱ्या रंगाने मालकाचं नाव लिहायचे आणि त्याखाली त्याचा गुन्हा. ‘पाणी घातलं नाही.’ ‘नळाचं पाणी घातलं.’ ‘दोन महिने विसरला.’ माझ्या दोन्ही बॅटऱ्यांवर माझं नाव आणि ‘पॅनल आधी’. आमची सौभाग्यवती मिसळ खाणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला तर्री हवी का विचारायच्या आधी ते वाचून दाखवायची.

काकांचं खरं काम होड्यांचं. उरणकडच्या एका कोळीवाड्यातले ते मूळचे, आणि त्यांची एकुलती एक मुलगी मंदा तिथेच दिलेली. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढून ठेवतात, आणि त्यांच्यावरच्या बॅटऱ्या घरी येतात. घरी आलेल्या बॅटरीला कोण गप्प बसू देतो? वीज गेली की पंख्याला लाव, कुणाची हळद असली की गाण्याला लाव. मग नारळी पौर्णिमा तोंडावर आली की ती पिळून काढलेली बॅटरी पुन्हा होडीवर चढवायची घाई. नवा रंग, पताका, नारळ सगळं रीतसर. बॅटरीला हळदकुंकूसुद्धा. फक्त बॅटरी भरलेली आहे का, हे कुणी बघत नाही, आणि जोडताना पॅनलची लोंबणारी वायर आधी. (हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. म्हणजे मी एकटा नव्हतो.) त्यामुळे सणाच्या आधी पंधरा दिवस काका दुकान बंद करून होडीहोडीवर जाऊन ओरडत असत.

एकदा मी त्यांना नेऱ्याला एका फार्महाऊसवर घेऊन गेलो. मुंबईच्या एका गृहस्थांचा राहायचा मोठा ट्रेलर होता तिथे, आत पलंग, फ्रिज, सगळं. लिथियमची महागडी बॅटरी, पण रात्रीचे दिवे मध्येच जात. काकांनी दोन मिनिटांत सांगितलं की कंट्रोलरला बॅटरी कुठल्या जातीची हे चुकीचं सांगितलंय, तो तिला साधी समजून चालवतोय, सेटिंग बदला. गृहस्थ म्हणाले, “ते कंपनीच्या माणसाने सेट केलंय हो. तुम्ही फक्त दिवे का जातात तेवढं बघा.” काकांनी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्यांदा काकांचा आवाज चढला, तसे गृहस्थ माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “काका जरा तापट दिसतात.”

काकांनी पक्कड पिशवीत टाकली. “चल.”

परतीच्या वाटेत ते जीपमध्ये धुमसत होते. “तापट! तापट बोललं का झालं. मंग मानूस काय सांगतो ते ऐकायला नको.”

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आता मला त्याचा फार राग येतो, म्हणजे त्या हसण्याचा. कारण आपण सगळे हेच करतो. एखादा जीव तोडून सांगत असतो की इथे आग लागणार आहे, आणि आपण म्हणतो, काय त्याचा आवाज! शांतपणे, गोड शब्दांत सांगितलं असतं तर ऐकलं असतं, असं वर आणखी. खोटं. गोड शब्दांत सांगितलेलंही आपण ऐकत नाही. फक्त सांगणाऱ्याला चहा देतो.

मी हेच, पण भित्र्या भाषेत, काकांना सुचवून पाहिलं. “काका, थोडं गोडीनं सांगितलं तर?”

त्यांनी गळ्यातला मीटर काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, “मी एकदा गोड बोललोय. माझ्या आयशीशी.”

आणि समोरच्या रस्त्याकडे बघत त्यांनी सांगितलं. मोठा भाऊ नथू. दोघांची मिळून एक होडी, एक बॅटरी, एक दिवा. शेजारच्या घरी हळद होती, गाण्याला बॅटरी लागते म्हणून धर्मानेच ती काढून दिली, आणि दुसऱ्या दिवशी परत आणून होडीवर चढवली. नथूने विचारलं, भरलेली आहे ना? हा म्हणाला, आहे. मोजायला मीटर नव्हता. संध्याकाळी होडी निघाली. धक्क्यावर आई उभी होती. तिला लांबचं दिसत नसे. तिने विचारलं, “दिवा दिसतो का रं?” दिवा नव्हता. खाडीच्या वळणाच्या अलीकडेच तो मिणमिणून गेला होता. पण म्हातारी काळजी करत बसेल, आणि नथू बघेल काहीतरी, म्हणून हा म्हणाला, “दिसतो.” वळणाच्या पलीकडे मोठ्या जहाजांची वाट आहे. अंधारातल्या होडीवर एक बार्ज गेला. होडी सापडली, नथू नाही.

“आई त्याच्यामागं अकरा वर्सं जगली,” काका म्हणाले. “मना एकदा पन बोलली नाय. एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.”

त्यानंतर ते कोळीवाडा सोडून पनवेलला आले आणि पहिल्या कमाईत मीटर घेतला. सणाच्या दिवसांत होड्यांवर ते रोज चढत, पण होड्या निघायची वेळ झाली की समुद्राकडे पाठ करून उभे राहत. मी हे आधीही पाहिलं होतं. मला वाटायचं, तोंडावर वारा सोसत नसेल.

दोन वर्षांपूर्वीची नारळी पौर्णिमा. कोळीवाड्यात मांडव पडला होता, कारण कुणी एक दानशूर साहेब गावातल्या अकरा होड्यांना फुकट सोलार किट देणार होते. पॅनल, दिवे आणि कंट्रोलर. साहेब स्वतः आले नाहीत, त्यांचा फोटो आला, आणि किट पुरवणाऱ्याचा एक माणूस पांढरे बूट घालून आला. मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी जयेंद्र माईक धरून होता. पहिलं किट घ्यायला काकांचा जावई रोहिदास उभा, कारण तो सोसायटीचा तरुण सभासद, त्यानेच धावपळ केलेली. आणि मांडवाच्या कडेला माझा ट्रेलर. जयेंद्रने मला चहा-भजीचं काम दिलं होतं, आणि पुढच्या जत्रेतली जागाही कबूल केली होती.

काकांनी टेबलावरचा एक कंट्रोलर उचलला, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि भाषण चालू असतानाच उघडला. मी शेजारी होतो, मलाही दिसलं. आत जवळजवळ काहीच नव्हतं. समोरून एक छान आकडे दाखवणारी पट्टी, हिरवा दिवा, आणि आत पॅनलची तार सरळ बॅटरीच्या तारेला. हात आडवा धरणारा शहाणा माणूसच नाही. फ्यूजसुद्धा नाही.

“ए जयेंद्र!” काका ओरडले. “बंद कर ते. ही रिकामी डबी हाय. बॅटरी उकळंल ह्याच्यानं.”

“काका, कार्यक्रम होऊ दे,” जयेंद्र माईकवरूनच म्हणाला. “मंग बघू.”

“मंग काय बघतोस? दर्यावर जाऊन बघतोस?”

लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, “धर्मादादाचं दुकान बसंल ना आता, म्हणून.” काकांनी इकडेतिकडे बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर आली. “हा शिकलेला हाय. ह्यानं बघितलंय. सांग रे ह्यांना.”

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. माझ्या हातात झारा होता. जयेंद्रही बघत होता. मी म्हणालो, “म्हणजे... एकदा नीट तपासून बघायला हरकत नाही.”

असलं वाक्य बोलायला पंचवीस वर्षं ऑफिसात काढावी लागतात. त्यात कुणाचंच काही बिघडत नाही, आणि म्हणूनच सगळं बिघडतं. काका माझ्याकडे बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी मला गाढव म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

रोहिदासला ते बाजूला घेऊन गेले. जावयाशी ते कधी ‘तू’ने बोलत नसत, चिडले तरी नाही. “जावई, तुमच्या होडीवरला तेवढा काढा. मी माझ्याकडला बसवून देतो.”

“मामा, मी माईकवर बोललो हाय. आता माझ्याच होडीवरून काढला तर लोकांना काय तोंड दाखवू?”

“तोंड दाखवायला आधी परत यायला लागतं, जावई.”

रोहिदास निघून गेला. काका त्या दिवशी लेकीच्या घरी नारळीभात न खाता पनवेलला परतले. जाताना एवढंच म्हणाले, “ऊन पडू दे.”

आणि ऊन पडलं नाही. सप्टेंबर संपेपर्यंत आभाळ भरलेलं. ढगाळ हवेत पॅनल देऊन देऊन किती देणार? बॅटऱ्या कशाबशा भरत होत्या, दिवे लागत होते, सगळा कोळीवाडा किटांची तारीफ करत होता. धर्मादादाला उगाच पोटशूळ, असं लोक माझ्यासमोर म्हणायचे आणि मी भज्यांचं पीठ ढवळायचो. काका दुकानात बसून आभाळाकडे बघत शिव्या देत. पिकासाठी पाऊस मागणारी माणसं मी पाहिलीत. ऊन पडायच्या भीतीने वर बघणारा माणूस तो एकच. त्या दोन महिन्यांत ते सहा वेळा कोळीवाड्यात गेले. सहाही वेळा मंदाने पाणी आणून दिलं आणि रोहिदास घरात नव्हता.

मग दसरा झाला आणि ऑक्टोबरचं ऊन कडकडून पडलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी रोहिदासच्या होडीवर दुपारीच वायरलेस गेला. बॅटरीवर हात ठेवला तर चटका बसला. आतलं पाणी उकळून संपलेलं. परतताना सांज झाली, दिवे लावले तर नुसते तांबडे काजवे, आणि तेही जहाजांच्या वाटेवर येईपर्यंत विझले. होडीवर पाच माणसं. समोरून जहाज येत होतं. पाचांनी पाच मोबाईलचे उजेड वर धरले आणि गळा सुकेपर्यंत ओरडत, इंजिन ताणून बाजूला झाले. मोबाईलचा उजेड बघून जहाज वळतं का, याचं उत्तर त्यांना मिळालं. वळत नाही.

दुसऱ्या दिवशी पांढरे बूट आले, आणि काकांना घेऊन ट्रेलरसकट मीही पोचलो. त्यांनी होडीवर चढून फोटो काढले आणि धक्क्यावर सगळ्यांना समजावलं. “किट ओके आहे. ही यूजर मिस्टेक आहे. तुम्ही लोक कनेक्शन उलटं करता, पॅनल आधी लावता.” मग काकांकडे हात करून, अगदी आदराने, “हे काका स्वतः वर्षानुवर्षं हेच सांगतात ना? विचारा त्यांना.”

जयेंद्रच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद. रोहिदास खाली बघत होता. उलटं आपणच जोडलं असेल, असं त्याला स्वतःलाच वाटू लागलं होतं. मीही काकांकडे पाहिलं. माणसाने जन्मभर घसा फोडून सांगितलेलं एक वाक्य, ते उचलून हा बूटवाला त्याच्याच माणसांच्या डोक्यात घालत होता. मला वाटलं, आता काका त्याला खाडीत ढकलणार.

काका ओरडले नाहीत. मला म्हणाले, “तुझ्या दोनी बॅटऱ्या काढ.”

“काका, फ्रिजमध्ये दही आहे...”

“काढ.”

मी काढल्या. आधी पॅनल, मग बॅटरी. दोन्ही बॅटऱ्या भर उन्हात टेबलावर ठेवल्या गेल्या, माझं नाव आणि गुन्हा सगळ्यांच्या समोर. दोन होड्यांवरची दोन सारखी पॅनलं आणली. एका बॅटरीला काकांनी स्वतःचा कंट्रोलर लावला. दुसरीसाठी त्यांनी फुकटातला, अजून खोक्यातच असलेला नवा कंट्रोलर पांढऱ्या बुटांच्या हातात दिला.

“तुमी जोडा. तुमच्या हातानं. आधी बॅटरी, मग पॅनल. बरोबर जोडा हां.”

तो जोडू लागला. दोन्हीकडे हिरवे दिवे लागले. “बघा,” तो म्हणाला, “चालू आहे.”

“बसा आता,” काका म्हणाले. “सगळे बसा. कोन उठायचा नाय. आन बिड्या विझवा, नायतर उडाल.”

अकरा वाजले होते. सावली नव्हती. पन्नासएक माणसं, बाया, जयेंद्र, बूट, सगळे त्या उन्हात उकिडवे बसले. काका एकदा या बॅटरीवर मीटर लावायचे, एकदा त्या, आणि आकडा मोठ्याने सांगायचे. दोन्ही तेरा पॉइंट दोन. दोन्ही चौदा. दोन्ही चौदा पॉइंट चार. तिथे काकांचा कंट्रोलर थांबला. हात आडवा धरला त्याने. दुसरा थांबेना. पंधरा. पंधरा पॉइंट चार. घाम माझ्या कानामागून शर्टात जात होता. सोळा. बॅटरीतून भाताला उकळी फुटल्यासारखा आवाज येऊ लागला, आणि मग नासक्या अंड्यांचा वास. बायांनी पदर नाकाला लावले. डबीवरचा हिरवा दिवा मात्र हसतमुखाने चालूच.

“हा एखादा पीस डिफेक्टिव्ह असू शकतो,” बूट म्हणाला.

“अकरा हायत. अकरा दिवस बसू. ऊन हाय भरपूर.” आणि मग तो आवाज आला, जो दोन महिने साठला होता. “मिस्टेक सांगतो ह्यांची? व्हय, हे उलटं जोडतात. येड्या बापाची पोरं हायत, मी रोज सांगतो. पन ह्यांची चूक मी काढीन! तू नाय काढायची! तुझ्या डबीत काय नाय म्हणून तू ह्यांना मूर्ख बोलतोस? पाच मानसं व्हती त्या होडीवर!”

मग मागून मंदा उठली. होडी धक्क्याला लागलेली होती, ती पदर खोचून सरळ तिच्यावर चढली. पाचेक मिनिटांनी खाली आली ती हातात तो कंट्रोलर घेऊन, तारा लोंबत असलेल्या. तिने तो टेबलावर आपटला.

“आधी काय काढलंस?” काकांनी विचारलं.

“पॅनल.”

“चला. एकीला तरी अक्कल हाय.”

तिच्यामागे रोहिदास उठला आणि पांढऱ्या बुटांसमोर जाऊन उभा राहिला. नंतर एकेक करत बाकीचे गेले आणि येताना डब्या घेऊन आले. दुपारपर्यंत टेबलावर त्यांचा ढीग झाला. साहेबांचा फोटो कुणी कधी उतरवला ते मला दिसलं नाही. माझ्याकडे जयेंद्रने पुढे कधी जत्रेची गोष्ट काढली नाही आणि मीही काढली नाही. तेवढी तरी अक्कल मला त्या उन्हात आली.

पुढचे चार दिवस काका कोळीवाड्यातच होते. प्रत्येक होडीवर मालकाच्याच हातांनी नवा कंट्रोलर जोडून घेत होते. आवाज धक्क्यापर्यंत यायचा. ते शिव्या देत होते, माणसं जोडत होती, आणि पहिल्यांदाच कुणी त्यांना तापट म्हणत नव्हतं. त्याच पौषात, दुकानात बसल्या जागी ते गेले. समोर चार्जिंगवरून काढून थंड व्हायला ठेवलेली कुणाची तरी बॅटरी होती. पण मला ते आठवतात ते चौथ्या दिवशीच्या संध्याकाळचे.

मी माझी मेलेली बॅटरी न्यायला आलो होतो. रोहिदासची होडी निघत होती. तिने धक्का सोडला तसे काका नेहमीसारखे पाठ फिरवून उभे राहिले आणि माझ्या बॅटरीवर पांढऱ्या रंगाने काहीतरी लिहू लागले.

“दिवा लागला काय?” त्यांनी मान न वळवता विचारलं.

“लागला.”

“पिवळा का पांढरा?”

“पांढरा. लख्ख आहे.”

ते लिहीत राहिले. होडी लहान होत गेली. थोड्या वेळाने पुन्हा, “दिसतो?”

“दिसतो.”

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा होडी वळणाला लागली होती. दिवा एकदा खडकाच्या टोकाशी चमकला आणि गेला. माझ्या तोंडात ‘दिसतो’ तयारच होतं. समोरच्याला बरं वाटेल ते माझ्या तोंडात कायमच तयार असतं, त्यावरच मी आजवर जगलो. काकांचा ब्रश थांबलेला होता.

“नाही काका,” मी म्हणालो. “आता नाही दिसत. वळणापलीकडे गेली. वळेपर्यंत होता.”

काका वळले. मला त्यांचा चेहरा दिसला नाही, कारण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते रिकाम्या खाडीकडे बघत होते, वारा तोंडावर घेत. मीटरच्या दोन्ही वायरी मागे उडत होत्या.

“मंग बरोबर हाय,” ते म्हणाले. “वळनापलीकडला दिवा हितून दिसत नसतो.” आणि मग, अजून तिकडेच बघत, “गाढवा, सांगायला इतका वेळ का लावलास?”